मागच्या खोलीतलं ऑफिस

१९ मे. आज अभ्यासिकेची मागची खोली रिकामी करायला घेतली. उद्या सकाळी सुतार येणार आहे, तिथे चार कप्पे बसवणार आहे. जागेसाठी थांबलेली मुलं आहेत आणि ही खोली नुसती अडगळ सांभाळत बसली आहे. मोडका टेबलफॅन, दिवाळीच्या माळा, रंगाचे वाळलेले डबे, सगळं जिन्यात काढलं. शेवटी कोपऱ्यातले पाण्याचे रिकामे जार राहिले. त्यातल्या आडव्या ठेवलेल्या जोडीवर फळकूट आणि फळकुटावर पिवळ्या खोळीची उशी. ही उशी दर्शना घरतच्या आत्याची. आत्या इथे कधीच आली नाही. तरी दोन वर्षं ती रोज या उशीवर बसत होती, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

माझी अभ्यासिका खांदा कॉलनीत, दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. प्रत्येकाला एक कप्पा, एक दिवा, एक प्लग. नियम एकच, बोलायचं नाही. फोनवर नाही, शेजाऱ्याशी नाही, स्वतःशीही नाही. पुढच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं जास्त, त्यांना घरी जागा नसते किंवा असली तर शांतता नसते. मी शांतता देते आणि महिन्याचं भाडं घेते. त्यापलीकडे कोणाच्या भानगडीत पडायचं नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

दर्शना पहिल्यांदा आली तेव्हा मला ती कुठल्या तरी बँकेची कर्ज विकणारी वाटली. इस्त्रीचा शर्ट, काळी पँट, बंद बूट, गळ्यात निळ्या फितीला ओळखपत्र. ओळखपत्र उलटं होतं, मागची कोरी बाजू पुढे. तिने विचारलं, सीट आहे का? मी म्हटलं आहे, सकाळी सहाला उघडते. ती म्हणाली, "सहा नको काकू. मना साडेनऊ ते सहा पायजे. ऑफिसचा टाइम."

मी म्हटलं, भाडं तेच पडेल. ती म्हणाली, पडू द्या.

आठवड्याच्या आत तिच्याबद्दल तक्रार आली. ती पुटपुटते. मी स्वतः मागे उभं राहून पाहिलं, तर पुटपुटत नव्हती, व्यवस्थित बोलत होती. आवाज खाली होता, पण हातवारेसुद्धा चालू होते. तिला बाहेर बोलावून सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा आहे, जमत नसेल तर उरलेले पैसे परत घेऊन जा. तिने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "गप बसून मना काय समजत नाय, काकू. कोनाला तरी सांगावं लागतं. आत्याला समजलं म्हंजे मना समजलं."

आत्या म्हणजे तिच्या बाबांची थोरली बहीण. घरातल्या कुठल्याही गोष्टीवर "पन का?" विचारणारी, आणि उत्तर पटेपर्यंत जागेवरून न हलणारी. दर्शना अभ्यासाला बसली की ही आत्या समोर बसलेली आहे असं मानायची आणि तिला धडा समजावून सांगायची.

मागची खोली तेव्हाही अडगळीचीच होती. पंखा होता, खिडकी लहान, शेजारी माझं चहाचं स्वयंपाकघर. मी म्हटलं, तिथे बसायची तयारी असेल तर बस, दार लावून घे. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिने बॅग उचलली होती. दुसऱ्या दिवशी येताना ही उशी घेऊन आली आणि जारांवर ठेवली. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणे, आत्या कडक जागेवर बसत नाही.

ती सीए करत होती. कामोठ्याला एका क्लासला जाऊन आली होती. तिथे शिकवणारे इतक्या वेगाने बोलत की विचारायला फट सापडत नसे, आणि संध्याकाळची बॅच सुटली की उरणच्या बाजूला तिच्या गावाला जायला वाहन मिळत नसे. क्लास सोडला. मग एकटीनेच पुस्तकं आणून सुरुवात केली. सीएमध्ये इंटरमिजिएटची परीक्षा पास झाली की एखाद्या सीएच्या ऑफिसात काही वर्षं ट्रेनिंग करावं लागतं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात. परीक्षा नाही तर ट्रेनिंग नाही, ट्रेनिंग नाही तर पुढचं काहीच नाही. दर्शनाची परीक्षा एकदा बुडाली होती. ट्रेनिंगचा पत्ताच नव्हता.

स्वयंपाकघरात चहा करताना मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. एके दिवशी गुडविल चाललं होतं.

"हे बघ आत्या, दुकान विकलं. तराजू विकला, माल विकला, फळ्या पन विकल्या. पन लोकं त्याच दुकानात येतात ना, ती त्यांची सवय? ती पन विकत घ्यावी लागते. तिला गुडविल बोलतात." मग जरा जाड, नाकातला आवाज काढून, "पन का? सवय काय पिशवीत भरून नेनार काय?" आणि पुन्हा स्वतःच्या आवाजात उत्तर. आत्या नेमकी तिथेच अडायची जिथे दर्शनाला स्वतःला कळलेलं नसायचं. मग आतून पानं उलटल्याचा आवाज यायचा.

इस्त्रीच्या शर्टाचा उलगडा पुढच्या महिन्यात झाला. मी आणि ती एकदमच जिना उतरत होतो. खाली भाजी घेणारी एक बाई थांबून म्हणाली, "काय गो दर्शना, हापिस सुटला?" दर्शना म्हणाली, "सुटला मावशी." बाई गेल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या नजरेला नजर न देता म्हणाली की घरी तिने नोकरी लागली असं सांगितलं आहे. सीएच्या ऑफिसात, ट्रेनिंगला.

मी विचारलं, खोटं कशाला? घरचे शिकू देत नाहीत का?

तसं नव्हतं. घरचे चांगले होते. मिठागरं आणि शेती गेली, मोबदला आला, भावांचे डंपर चालतात, कोणी तिला शिकू नको म्हटलेलं नाही. पण तिच्या गावात डिसेंबर ते मे घरटी काहीतरी असतं. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा. प्रत्येक ठिकाणी घरातल्या बाईने तांदळाच्या भाकऱ्या थापायला जायचंच असतं. "अभ्यास हाय बोलले तर आत्या बोलते, चल गो, पुस्तक कुठं पळून जातंय? ऑफिस हाय बोलले की कोन काय बोलत नाय. उलट विचारतात, सायबानं सुट्टी नाय दिली का गो, बिचारी." ऑफिसला सुट्टी नसते हे गावाला मान्य होतं. अभ्यासाला मात्र कायम सुट्टीच असते, असं त्यांचं मत होतं. गळ्यातलं ओळखपत्र तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं होतं, मुदत संपलेलं. म्हणून उलटं.

मला हे आवडलं नाही. तिथेच जिन्यात सांगितलं, "मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"तुमाला कोन विचारतंय, काकू?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण जिन्याखाली कोण उभं आहे ते पाहूनच पुढची पायरी उतरली.

तेव्हापासून मलाही ते लागलं. तिच्या गावच्या एकाने खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं, तेव्हा मीच तिला मागच्या जिन्याची किल्ली दिली. पावलं वाजली की आत तिचा आवाज बंद व्हायचा आणि इकडे माझा हात साखरेच्या डब्यावर थांबायचा. खरी भीती दुसरीच होती. गावात दिवस मोजले जात होते. गावाच्या हिशोबाने तिचं ट्रेनिंग सुरू होऊन वर्ष होत आलं होतं आणि प्रत्यक्षात ती अजून परीक्षेच्या अलीकडे होती. ट्रेनिंगला मुदत असते. ती संपली की लोक विचारणार, सीए झाली का? उशीर होईल तसं खोटं मोठं होत होतं, आणि ते आवरायला एकच उपाय होता, पास होणं. त्यात पुढच्या परीक्षेत विषयांच्या दोन ग्रुपपैकी एक निघाला आणि दुसरा थोडक्यात राहिला. त्या दिवशी मागच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. मी चहा नेऊन ठेवला. ती जारांकडे बघत बसली होती. म्हणाली, "आत्या विचारते, पन का?"

मी म्हटलं, चहा गार होतोय.

मग काकांची नोटीस आली. काकांना इन्कम टॅक्सकडून काहीतरी विचारणा झाली होती आणि घरात सीएच्या ऑफिसात जाणारी पुतणी असताना त्यांनी दुसरीकडे कशाला जावं? तो कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, तुझ्या सायबाला दाखव. दर्शना सकाळी आली ती पांढरीफटक. साहेब कुठून आणायचा?

माझा हिशोब जुन्या पनवेलमधल्या पेंडसे मॅडम बघतात, त्या स्वतः सीए आहेत. साठीच्या आहेत, चष्म्यावरून बघतात, फुकटचं कौतुक करत नाहीत, म्हणून मला त्या बऱ्या वाटतात. मी दर्शनाला त्यांच्याकडे घेऊन गेले. रीतसर अशील म्हणून, फी देऊन. मॅडमनी कागद वाचला, दोन-चार गोष्टी विचारल्या. दर्शनाने काकांच्या जमिनीचं सगळं नीट सांगितलं. उत्तर कसं द्यायचं ते मॅडमनी सांगितलं. जाताना सहज विचारलं, "आर्टिकलशिप कुठे करतेस?"

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "एका ठिकानी," ती म्हणाली. मॅडमनी मान हलवली आणि पुढची फाइल ओढली.

नोटिशीचं काम झालं. काका खूश झाले. त्यातूनच पुढचं घडलं. एवढं काम करून देणाऱ्या साहेबांना भेटायला हवं, असं तिच्या बाबांना वाटलं. खालच्या कव्हरवाल्याने दर्शनाला कधीतरी मागच्या जिन्याने उतरताना पाहिलं होतं, त्याने त्यांना जिना दाखवला.

मी पुढच्या टेबलावर बसले होते. पांढरा लेंगा-सदरा घातलेले एक उंच गृहस्थ हातात पिशवी घेऊन दारात उभे राहिले. पिशवीतून सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा वास आला. म्हणाले, "दर्शना घरतचा बाप मी. साहेब हायत का?"

याच प्रश्नाची मला वर्षभर धास्ती होती. काय सांगायचं हे मी आधीच ठरवलेलं होतं.

"साहेब कोणी नाही, दादा," मी म्हटलं. "मीच आहे. हे ऑफिस नाही, अभ्यासिका आहे. तुमची मुलगी इथे बसून अभ्यास करते."

त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली आणि आवाज खाली आणला. "कवापासून?"

मी सांगितलं. नोकरी नाही, हेही सांगितलं. परीक्षा पूर्ण झाल्याशिवाय नोकरी मिळत नाही, आणि ती परीक्षेच्याच मागे लागली आहे. ते चपलांच्या रॅकशेजारच्या स्टुलावर बसले. मी मनातल्या मनात तयारी करत होते. आरडाओरडा झाला तर मुलांना काय सांगायचं, मुलीला ओढून नेऊ लागले तर मध्ये पडायचं की नाही. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. दार नीट लागलेलं नव्हतं. भागीदारीतून एक भागीदार निघून जातो, तो धडा चालला होता.

"नाय आत्या, निसता त्याचा पैसा परत दिला म्हंजे झालं असं नाय. इतकी वर्सं त्याच्या नावावर पन गिऱ्हाईक आलं ना? मग त्या नावातला वाटा पन त्याला द्यायचा." मग जाड आवाज, "पन का? गेला तो गेला."

बाबांनी चमकून वर पाहिलं. "ही तर आमची बाय बोलते."

"बहीण तुमची. आत कोणी नाही. ती एकटीच आहे," मी म्हटलं. "तिला सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून बहिणीला सांगते."

ते बराच वेळ ऐकत बसले. मग मला विचारलं, "वाटा द्यायचा, हे पुस्तकात हाय?" मी म्हटलं, असेलच, त्याशिवाय ती सांगणार नाही. नंतर दर्शनाकडून कळलं की डंपरच्या धंद्यात आधी ते आणि त्यांचा एक मित्र होते, आणि मित्र रिकाम्या हाताने बाहेर पडला होता.

उठताना म्हणाले, "तुमी मना खरं सांगितलं ते बरं केलं. मी घरी काय बोलनार नाय. घरी ऑफिसच हाय."

मी म्हटलं, "का?"

"अभ्यास करते बोललो तर उद्यापास्नं तिला भाकऱ्यांना नेतील. तिची आयसच नेईल पहिली." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "साहेब नाय तर तुमी घ्या."

मी शाकाहारी आहे. पण नको म्हणायची ती वेळ नव्हती. ते गेल्यावर पिशवी जिन्याच्या कठड्याला बाहेर टांगली, तरी कप्प्याकप्प्यांतून माना वर व्हायला लागल्या होत्या.

संध्याकाळी दर्शनाला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली. आधी म्हणाली, "ओरडला?" मी म्हटलं नाही. मग जरा वेळाने, "आत नाय आला?"

पुढच्या आठवड्यात आले. बाजाराला जातो असं घरी सांगून निघाले होते, म्हणजे आता बापलेक दोघंही खोटं बोलून इथे येत होते. आत्याच्या उशीवर बसले आणि ऐकू लागले. मग अधूनमधून येतच राहिले. ऐकणारा म्हणून ते आत्याइतके चांगले नव्हते, मध्येच डुलकी काढायचे. दर्शनाने त्यालाही नियम लावला होता. बाबा झोपले म्हणजे समजावणं बिघडलं, पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांचं भाडं लावलं नाही. चहा मात्र तीन कप व्हायला लागला.

दुसऱ्या ग्रुपचा निकाल लागला त्या दिवशी तिने फोन माझ्याकडे दिला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. साइट उघडत नव्हती. मी पुन्हा पुन्हा नंबर टाकत होते, आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या निकालात आपण एवढं का गुंततो याचा मला राग येत होता. पास होती. काठावर, पण पास. दार वाजवून सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "आता मना आर्टिकल कोन देनार?"

प्रश्न बरोबर होता. तिने वाशीला अर्ज केले, बेलापूरला केले. बोलावणी आली. सगळीकडे इंग्रजीत विचारायचे, आणि ती पाठ केलेली इंग्रजी वाक्यं अर्ध्यावर विसरायची. एका ठिकाणी विचारलं, कॉलेज संपल्यापासून इतकी वर्षं घरीच होतात का? परत येऊन मला म्हणाली, "घरचे बोलतात ऑफिसात होते. ऑफिसवाले बोलतात घरी होते. मी होते कुठं, काकू?"

आणि गावात नवा प्रश्न निघाला होता. ट्रेनिंग संपत आलं असेल ना आता? आईने तर हळदीच्या मांडवात कोणाला तरी, वर्षअखेरीला सीए होईल, असा वायदा देऊन टाकला होता. दर्शनाचं वजन उतरलं. शर्ट खांद्यावर लोंबायला लागला. एक दिवस म्हणाली की सगळ्यांना खरं सांगून टाकते आणि भाकऱ्या थापते, निदान तिथे कोणी इंग्रजीत विचारत नाही.

मी म्हटलं, पेंडसे मॅडमकडे जा. ती नाहीच म्हणाली. त्यांना तोंडावर खोटं सांगितलं होतं ना, एका ठिकाणी म्हणून. आता कुठल्या तोंडाने जायचं? मी तिला सांगितलं की तोंड एकच आहे, तेच घेऊन जा. मी फोन करणार नाही, शब्द टाकणार नाही. बाहेर बसायला हवी असेन तर बसेन.

मॅडमच्या ऑफिसात अर्ध्या उंचीचं पार्टिशन आहे. मी बाहेर बाकावर फायलींच्या गठ्ठ्याशेजारी बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. नाव, मार्क, अटेम्प्ट. दर्शना पाठ केलेलं इंग्रजी म्हणत होती आणि ते बरं चाललं होतं. मग मॅडम थांबल्या.

"गळ्यात काय आहे?"

मी डोळे मिटले. सकाळी घरून ऑफिसला म्हणून निघायचं, तशी ती निघाली होती. ओळखपत्र काढायचं राहूनच गेलं होतं, आणि रोजच्या सवयीने मलाही ते दिसलं नव्हतं.

"तू दुसरीकडे जॉइन झालेली आहेस का? मग इथे कशाला आलीस?"

माझ्या मनात आलं, संपलं. उठून आत जावं असंही वाटलं, पण मी बसून राहिले. मग प्लास्टिकचा बारीक आवाज आला. तिने कार्ड सरळ करून टेबलावर ठेवलं होतं.

"हे कॉलेजच्या लायब्ररीचं हाय, मॅडम. मी कुठंच जॉइन नाय. त्या दिवशी मी तुमाला एका ठिकानी बोलले, ते ठिकान म्हंजे काकूंची मागची खोली. पान्याचे जार ठेवतात तिथं."

आणि मग तिने सगळं सांगितलं. इंग्रजी गेलं ते गेलंच. ऑफिसची वेळ, भाकऱ्या, आत्या, बाबांची डुलकी. ती थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुझ्या काकांच्या नोटिशीला आपण ते उत्तर का दिलं? आत्याला सांगतेस तसं सांग."

दर्शनाने सुरुवात केली. पहिल्या वाक्यालाच मॅडम म्हणाल्या, "पण का?" तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, पण का? एका ठिकाणी ती अडली. म्हणाली, हे मना नाय माहीत, बघून सांगावं लागंल. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दोन वर्षं पगार नसताना साडेनऊला पोचत होतीस," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे पगार देऊनही लोक साडेदहाला येतात. सोमवारपासून ये. स्टायपेंड फार नाही. कार्ड इथलं मिळेल, ते सरळ घालायचं. आणि अशिलाशी खोटं बोललेलं मला एकदाही चालणार नाही."

बाहेर आल्यावर ती माझ्या शेजारी बाकावर बसली आणि बूट काढून पाय मोकळे केले. म्हणाली, आता हे सांगू कोणाला? घरी तर नोकरी दोन वर्षांपूर्वीच लागली आहे, पेढेही तेव्हाच वाटून झाले आहेत.

म्हणून पेढे अभ्यासिकेत वाटले. बोलायचं नाही हा नियम मी त्या दिवशीही मोडू दिला नाही. प्रत्येक कप्प्यात एकेक पेढा ठेवत ती फिरली, मुलांनी नुसते अंगठे वर केले. बाबा आले होते. उशीवर बसून त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, सोमवारपास्नं मी बाजारात जाईन तो खरंच बाजारात जाईन.

ट्रेनिंग तिने पूर्ण केलं. उशिराबद्दल गावाने विचारलंच, तेव्हा तिने मॅडम फार कडक आहेत असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. फायनलचा एक ग्रुप झाला आहे, एक राहिला आहे. गेल्या महिन्यात पुण्याला एका फर्ममध्ये गेली. जाण्याआधी इथे येऊन गेली, बूट तेच, शर्ट नवा. मी उशी घेऊन जा म्हटलं. म्हणाली, "राहू द्या. आत्याला पुन्याची हवा मानवायची नाय." आणि जिना उतरताना, आता कोणी बघत असण्याचं कारण नव्हतं, तरी आधी खाली वाकून पाहिलं.

ती गेल्यावर एकदा तिचे बाबा आले. काही काम नव्हतं. मागच्या खोलीत जाऊन जरा वेळ बसले, चहा घेतला, चांगला झालाय म्हणाले आणि गेले.

इतकं सगळं एका उशीवरून लिहून झालं आणि जार अजून कोपऱ्यातच पडले आहेत. आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. पंधरा दिवसांपूर्वी कामोठ्याहून एक नवीन आली आहे. लग्न झालेली, तिशी ओलांडलेली, तीही अकाउंट्सचीच परीक्षा देते आहे, क्लास लावलेला नाही. काल तिच्या शेजारच्या कप्प्यातून चिठ्ठी आली. तिचे ओठ हलतात म्हणे, आणि आता आवाजही यायला लागला आहे.

हे काल लिहिलं. आज सकाळी सुतार आला. त्याला म्हटलं, कप्पे नकोत, भिंतीला एक टेबल कर आणि दार नीट लागेल असं बघ. त्याने चार कप्प्यांचं लाकूड आणलं होतं, त्यामुळे कुरकुरला. मी त्याला चहा दिला आणि कुरकुरू दिलं. जार धुऊन आत आणले, फळकूट ठेवलं, उशी गॅलरीत झटकून वर टाकली. कामोठ्याची आली तेव्हा तिला मागची खोली दाखवली, उशी कोणाची ते सांगितलं आणि बाहेर येऊन चहाचं आधण ठेवलं. साखर घालेपर्यंत भिंतीपलीकडून बोलणं सुरू झालं होतं.